परसातली हरळी

आखाजीनंतर अमळनेरच्या आमच्या परसात भाजीसाठी यंत्राने नांगरट करवली. काळी माती भुसभुशीत झाली, मी हरखलो. यंत्रवाला म्हणाला, "महाराज, हरळी तुटली, मेली नाही. कांडी कांडी फुटेल."

छेदन निराळे, निर्मूलन निराळे! खुरपे घेऊन वेचायला बसलो. एक मुळी कुंपणाखालून धाकट्या भावाच्या परसात गेलेली. त्याच कुंपणावरून आमचा नऊ वर्षे अबोला. कीर्तनात क्रोध रोज तोडला, मुळी मात्र राखली!

हाक मारली, "नाना, ये रे." तो खुरपे घेऊनच आला.

अरणला १२९५ साली समाधिस्थ झालेल्या सावतोबांना विठ्ठल मळ्यातच का भेटला, ते तेव्हा उमगले. हरळी उन्हात वाळते आहे. पावसाळ्यात गिलक्याचा वेल दोघांचा. तुमच्याही कुंपणाखाली पाहा. रामकृष्ण हरि!