कोरीव लाकडावर हात फिरवताना

पुणे,
नागपंचमी

चि. सोनूस,


कुडाळहून पाठवलेलं पार्सल परवा मिळालं. देवघराच्या दाराची ती सागवानी फळी मी माडीवरच्या खिडकीशी उभी करून ठेवली आहे. सकाळी उजेड आडवा येतो तेव्हा बघतो, दुपारी परत बघतो. समोरून मोर देखणा आहे, वेलही देखणी आहे. आडव्या उजेडात मात्र मोराच्या अंगावर बारीक नांगरट दिसते, आणि जिथे नांगरट नाही तिथे पिसांच्या कडा पुसल्या गेल्यात. म्हणजे एकाच फळीवर घासकाम कमीही झालंय आणि जास्तही. फोनवर तू म्हणालीस, "मशीनचं काम झालं मामा, आता फक्त फिनिशिंग." त्या 'फक्त'बद्दल मला तुझ्याशी बोलायचं आहे, आणि ते फोनवर नीट झालं नसतं.

मी कोरणाऱ्या मशीनच्या विरोधात नाही, हे आधीच लिहून ठेवतो. तुझे आजोबा सावंतवाडीत पांगाऱ्याच्या लाकडाची खेळणी आणि फळं करत. पॉलिश पेपर घरात मोजून यायचा. बाकीचं काम खरवताच्या वाळलेल्या खरखरीत पानांवर चालायचं. पान बोटांत धरून ते लाकडाचा आंबा घासत, आणि दर चार-पाच हातांनी थांबून, डोळे मिटून त्यावरून अंगठा फिरवत. डोळ्याला दिसत नाही तो उंचवटा अंगठ्याला लागतो. त्यांच्या काळी तुझं मशीन असतं तर त्यांनी ते आनंदाने वापरलं असतं, पण अंगठा फिरवायचं सोडलं नसतं.

आता तुझ्या फळीकडे येतो. घासकाम किती लागणार हे मशीन सुरू करण्याआधीच ठरतं. तू ३ मिलिमीटरचं बॉल नोज बिट लावलंस आणि स्टेपओव्हर, म्हणजे शेजारच्या दोन फेऱ्यांमधलं अंतर, ०.६ मिलिमीटर ठेवलास. गोल टोकाचं बिट शेजारी शेजारी फेऱ्या मारतं तेव्हा दोन फेऱ्यांच्या मध्ये लाकडाचा वरंबा उरतो. त्याची उंची काढायचा हिशेब सोपा आहे: स्टेपओव्हरचा वर्ग, भागिले बिटाच्या त्रिज्येची आठपट. तुझा वरंबा आला ०.०३ मिलिमीटर, म्हणजे ३० मायक्रॉन. स्टेपओव्हर ०.३ ठेवला असतास तर तो साडेसात मायक्रॉनवर आला असता. अंतर निम्मं केलं की उंची चौथाई होते. मशीनचा वेळ दुप्पट होतो, ते मला कळतं. पण तिथे वाचवलेला तास पुढे तुझ्याकडे घासकाम करणाऱ्या दोघी बायकांच्या मनगटातून वसूल होतो, आणि थकलेलं मनगट वरंबा कुठे संपला आणि पिसाची कड कुठे सुरू झाली हे बघत नाही. उतारावरचे वरंबे सपाटीपेक्षा ठळक उठतात, म्हणून मोराच्या छातीवर ते तुला जास्त दिसले.

दुसरी गोष्ट बिटाच्या धारेची. सागाच्या लाकडात सिलिका असते, वाळूच्याच जातीची. ती धार लवकर खाते. बोथट बिट लाकूड कापत नाही, रेशे ओढून तोडतं, आणि वेलीच्या देठांपाशी तुला जी कुसळं दिसतात ती तिथून येतात. खडबडीत कापणीला जाड एंड मिल आणि शेवटच्या फेरीला वेगळं, चांगल्या धारेचं बिट, एवढा नियम पाळ. शेवटची फेरी शक्यतो रेशांच्या दिशेने चालव.

आता पेपर. तू ८० नंबरपासून सुरुवात केलीस असं म्हणालीस. ८० नंबरच्या पेपरचा दाणा साधारण २०० मायक्रॉनचा असतो, १८० नंबरचा ८२ च्या आसपास. काढायचा आहे ३० मायक्रॉनचा वरंबा, आणि त्यासाठी तू त्याच्या सहापटीहून जाड दाणा लाकडावर फिरवलास. वरंबा गेला, पण ८० नंबरचे ओरखडे राहिले, ते काढायला आणखी घासावं लागलं, आणि त्या घासण्यात पिसं गेली. सपाट टेबलाला ८० चालतो, कारण तिथे घालवण्यासारखं काही नसतं. कोरीव कामाला १८० पासून सुरू कर, मग २४०, मग ३२०. फारच रेषा असल्या तर १२०, तोही फक्त मोठ्या फुगीर भागावर. एक नंबर पूर्ण झाल्याशिवाय पुढचा हातात घ्यायचा नाही. आणि आडवा उजेड हवाच. भिंतीलगत एक दिवा कमरेच्या उंचीवर लावून घे. छताच्या ट्यूबखाली घासलेलं काम गिऱ्हाइकाच्या घरी, समईच्या उजेडात उघडं पडतं.

पण पेपर हातात घेण्याआधी पटाशी हातात घे. ही गोष्ट मी सगळ्यात कळकळीने लिहितोय. तुझं मशीन तीन अक्षांचं आहे, म्हणजे ते फक्त वरून खाली बघतं. पाकळीच्या पोटाखाली त्याला शिरता येत नाही. म्हणून मशीनची पाकळी साच्यातून काढल्यासारखी जमिनीला चिकटून बसलेली दिसते. बाजीराव रस्त्यावरून जाताना विश्रामबागवाड्याचा दर्शनी भाग कधी उभी राहून बघ. ऊन सरकतं तशी त्या नक्षीतली सावली सरकते. लाकडाला जिवंतपणा त्या सावलीने येतो. तुझ्या मोराच्या पंखाखाली, मानेच्या वळणाखाली आणि मोठ्या चार पानांच्या मागे कोरणीने जरा आत खण. मोराचा डोळा तर हातानेच कर. एका फळीला अर्धा तास पुरे. आणि हे घासण्याआधीच करायचं, नंतर नाही: पेपरचे दाणे लाकडाच्या छिद्रांत अडकून राहतात, आणि त्यावर पटाशी चालवली की दोन मिनिटांत धार जाते.

मी पुण्यात आलो त्या वर्षीची गोष्ट तुला कधी सांगितली नाही. एका कारखान्यात पॉलिशच्या खात्यात लागलो होतो. एका जुन्या कारागिराने महिनाभर बसून कोरलेलं दार माझ्याकडे घासायला आलं. मला ते गुळगुळीत करायचं होतं, आरशासारखं. दोन दिवस घासलं. कारागीर आला, दारावरून हात फिरवला आणि काही न बोलता परत गेला. पानांच्या शिरा गेल्या होत्या, कडा गोल झाल्या होत्या, सगळं साबणाच्या वापरलेल्या वडीसारखं दिसत होतं. त्याने ते दार पुन्हा कोरायला घेतलं नाही, कारण लाकूडच उरलं नव्हतं. तेव्हापासून मी कोणत्याही कोरीव कामाला हात लावण्याआधी कुठे घासायचं नाही ते खडूने खुणा करून ठेवतो. तूही ठेव. कडा, शिरा, चोच, नखं, बोटं. या जागांना शेवटी ३२० नंबरचा एकच हलका हात, तोही दुमडलेल्या पेपरचा, बोटाच्या दाबाचा नाही. बोट मऊ असतं, ते कडेवरून घसरतं आणि कड घेऊन जातं.

खोलगट जागा आधी कर, उंच जागा नंतर. खोबणीसाठी बांबूच्या काड्या तासून घे, कुणाचं टोक चपटं, कुणाचं गोल, कुणाचं निमुळतं, आणि त्यांना पेपर चिकटव. अशा दहा-बारा काड्यांचा डबा प्रत्येकीजवळ असू दे. फुगीर भागाला पेपरामागे फोमचा तुकडा धर. पेपराच्या पट्ट्यांचं चक्र ड्रिलला लावून वेगाने काम होतं हे खरं आहे, ते मीही वापरतो, पण कमी वेगाने, पट्ट्या मऊ झाल्यावर, आणि एका जागी कधीही न थांबता. नव्या कोऱ्या पट्ट्या लावून पूर्ण वेगात फिरवलंस तर मोराची चोच एका सेकंदात जाईल.

कुसळं पेपरने दाबली जातात, कापली जात नाहीत. पॉलिश लावलं की पुन्हा उभी राहतात. त्यांना आधी कडक करावं लागतं. चपड्याचं पातळ पाणी, स्पिरिटमध्ये अगदी हलकं विरघळवलेलं, ब्रशने लाव, वाळू दे, मग २४० नंबरने हलकेच घास. कडक झालेला रेशा मोडून पडतो. ओल्या फडक्याने पुसून, वाळवून, उठलेले रेशे घासायची पद्धतही चांगली आहे, पण ती अस्सल लाकडाला. एमडीएफच्या जाळ्या कोरशील तेव्हा त्यांना पाणी लावू नकोस, त्या फुगतात. त्यांच्या कापलेल्या कडा आधी सीलरने बंद कर आणि मगच अस्तर दे.

आता पॉलिश. गिऱ्हाइकाला गडद वॉलनट रंग हवा आहे म्हणालीस. सपाट फळीवर रंग सारखा बसतो, कोरीव कामावर बसत नाही, कारण प्रत्येक वळणावर लाकडाची तोंडं वेगळ्या कोनात कापली जातात आणि काही जागा रंग अधाशासारखा पितात. पातळ सीलरचा एक हात देऊन मग रंग दे. शिवाय गडद रंग खोबणीतल्या प्रत्येक ओरखड्यात जाऊन बसतो आणि पेपराची दिशासुद्धा दाखवतो. माझं मत विचारशील तर देवघराला सागाचा स्वतःचा रंग ठेव. साग तेलकट असतो, म्हणून लॅकर मारण्याआधी थिनरच्या फडक्याने पुसून घे आणि लगेच मार, नाहीतर तेल पुन्हा वर येतं आणि थर नीट धरत नाही. थर पातळ असू दे. दोन जाड थरांनी खोबणी भरतात, आणि पटाशीने काढलेली सगळी सावली त्यांत बुडते.

मला जास्त काळजी या पावसाची वाटते. श्रावणातल्या कोकणात लॅकर मारलास की थिनर उडताना लाकडाचा पृष्ठभाग गार होतो, हवेतली ओल त्यावर धरते आणि थर दुधाळ होतो. चपड्याचं तसंच. पीयू (पॉलियुरेथेन) मारलास तर त्याच्यातला हार्डनर ओलाव्याशी भांडतो आणि बुडबुडे येतात. शेडच्या कोपऱ्यात प्लास्टिकची लहान खोली कर आणि फळी तिथे आदल्या रात्रीपासून कोरड्या उबेत ठेव. हीटर बंद करून, खोली मोकळी करून मगच स्प्रे हातात घे. थिनरच्या वाफेला एक ठिणगी पुरते. दुधाळपणा आलाच तर कोरड्या दिवशी सावकाश उडणाऱ्या थिनरचा अगदी पातळ फवारा दे, बहुतेक वेळा तो निघून जातो. हे जमणार नसेल तर गिऱ्हाइकाला आत्ताच सांग की गणपतीला दार नुसत्या सीलरवर मिळेल, पॉलिश दिवाळीआधी. खरं सांगितलेलं माणसं ऐकतात. जवसाचं तेल वापरलंस तर त्याची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नकोस. ती आपोआप पेटतात. पसरून वाळव किंवा पाण्यात बुडवून ठेव.

आता त्या दोघींबद्दल. तू त्यांना फळीमागे पैसे देतेस. मला ते पटत नाही. फळीमागे पैसे दिले की माणूस ८० नंबर उचलणारच, त्यांचा दोष नाही. तासावर पैसे दे, आणि दार विकताना घासकामाचे तास किमतीत मोकळेपणाने धर. मोर संगणकाने काढला आणि मशीनने कोरला, पण गिऱ्हाईक ज्यावर हात फिरवणार आहे तो पृष्ठभाग त्या दोघींनी केलेला असणार आहे. तू पाठवलेल्या फोटोत एकीने पदर नाकावर घेतला होता. पदराने धूळ अडत नाही. सागाच्या धुळीने कातडीला खाज येते, दमा उठतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली लाकडाची धूळ माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातली आहे. माझ्याबरोबर काम केलेल्या दोघांची छाती मी शेवटी ऐकली आहे, म्हणून हे लिहिताना हात जड होतो. एन-९५ मास्क आण, घासायच्या टेबलाखाली धूळ ओढणारा पंखा बसव, आणि अंगावरची धूळ कंप्रेसरच्या हवेने उडवायची सवय बंद कर.

फळी मंगळवारच्या गाडीने परत पाठवतोय. मोराची डावी बाजू मी कोरणीने सुधारून ३२० पर्यंत घासली आहे. उजवी बाजू आहे तशी ठेवली आहे, खडूच्या खुणा करून. ती तू स्वतः घास, दोघींना शेजारी बसवून, आणि झाली की आडव्या उजेडातला फोटो मला पाठव. पण मास्क त्याआधी आण.

तुझा,
मामा