अंगण वाकडं

सायकियाट्रीच्या पोस्टिंगमध्ये पेशंटला एखाद्या म्हणीचा अर्थ विचारायचा असतो. शब्दांपलीकडचा विचार करता येतो का, हे तपासायला. आमच्या बॅचची म्हण ठरलेली होती: नाचता येईना अंगण वाकडं. माझ्यासमोरच्या बाई जरा थांबून म्हणाल्या, "आमचं अंगण खरंच वाकडं हाय. पावसाळ्यात सगळं पाणी घरात येतं."

मी केस शीटवर 'काँक्रीट थिंकिंग' असं लिहिलं आणि रात्री मेसमध्ये हा किस्सा रंगवून सांगितला. सगळे हसले. माझा रूम पार्टनर हसला नाही. खोलीवर आल्यावर त्याने व्हिटॅमिनच्या गोळ्यांची डबी माझ्यापुढे धरली. आत वेगळ्याच गोळ्या होत्या. "दीड वर्ष घेतोय," तो म्हणाला. "माझा किस्सा कुठल्या मेसमध्ये रंगला असेल रे?"

तेव्हापासून एक प्रश्न डोक्यातून जात नाही. शिकण्यासाठी दुसऱ्याचं दुःख वापरायचा आपल्याला हक्क आहे का?

सर्जरीत आपण हर्निया हाताने तपासतो. पेशंट पाच मिनिटं अवघडतो, मग पांघरूण ओढून घेतो. सायकियाट्रीत चाचपायची असते ती माणसाची गोष्ट, आणि ती सांगून झाल्यावर पांघरूण ओढून घेता येत नाही. सरांनी बाईंना विचारलं होतं, "ही शिकणारी मुलं आहेत, बोलाल ना?" त्या "विचारा की" म्हणाल्या. पण फुकटच्या वॉर्डात, नवरा शेजारी उभा असताना, नाही म्हटलं तर औषध मिळेल की नाही या शंकेत दिलेला होकार कितपत होकार असतो?

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. आम्ही विचारायला शिकलोच नाही, तर उद्या प्राथमिक आरोग्य केंद्रात 'झोप नाही, अंग दुखतं, कशात मन लागत नाही' म्हणत आलेल्या माणसाला बी-कॉम्प्लेक्सचं इंजेक्शन देऊन घरी पाठवू. पूर्वी एमबीबीएसला या विषयाची पोस्टिंग दोन आठवड्यांची होती. २०१९च्या अभ्यासक्रमात दोन-दोन आठवडे दोनदा आले, इंटर्नशिपमध्येही दोन आठवडे आहेत. तरी स्वतंत्र पेपर नाही, प्रश्न मेडिसिनच्या पेपरात येतात. त्यामुळे बरीच मुलं ही पोस्टिंग पीजीच्या एमसीक्यू सोडवायची सुट्टी समजतात. (मीही त्यातलाच.)

म्हणजे वापरणं टळत नाही. मग माझं नक्की काय चुकलं? कायद्याने बघायचं तर २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यातलं कलम २३ पेशंटला गोपनीयतेचा हक्क देतं. पण मी नाव कुठे सांगितलं होतं, असा बचाव मी मनातल्या मनात बरेच दिवस केला. तो टिकला नाही. बाईंनी ती गोष्ट मला शिकण्यासाठी दिली होती, हसवण्यासाठी नाही. आणि मी शिकलो तरी काय होतो? म्हणीचा अर्थ सांगता येणं शिक्षणावर, वातावरणावरही अवलंबून असतं, हे पुस्तकातच आहे. बाई दुसरीनंतर शाळेत गेल्या नव्हत्या. ते मी विचारलंच नव्हतं. शेरा मात्र लिहून मोकळा.

दुसऱ्या दिवशी माफी मागायला वॉर्डात गेलो. तिथे गेल्यावर कळलं की माफी मागायची तर आधी त्यांना सांगावं लागेल की काल रात्री वीस पोरं तुमच्यावर हसली. म्हणजे माझं ओझं हलकं, त्यांचं जड. मी गप्प बसलो. मग सहज विचारलं, अंगणाचं पुढे काय केलं?

मुरूम टाकायचा राहून गेला होता. एका रात्री पाणी चुलीपर्यंत आलं, धान्य भिजलं. तेव्हापासून आभाळ भरलं की त्यांचा डोळा लागत नाही. आदल्या दिवशी माझ्या शीटवर झोपेसमोर एकच शब्द होता: कमी.

हे लिहिण्याआधी रूम पार्टनरला वाचायला दिलं. त्याने एक वाक्य काढायला लावलं, ते काढलं. बाईंचं गाव, वय, आजार मी लिहिलेला नाही. पण अंगण त्यांचंच आहे, आणि त्यांना विचारायचं राहिलं आहे.