अध्यक्षाचे आसन आणि त्याचा पक्ष

पक्षाच्या बळावर निवडून आलेला मनुष्य सभागृहाच्या अध्यक्षपदी बसताच निःपक्षपाती होतो, असे आपण धरून चालतो. हे कशाच्या आधारावर? मन काही अंगरख्याप्रमाणे खुंटीला टांगून ठेवता येत नाही.

इंग्लंडात ह्या प्रश्नाचे उत्तर एकोणिसाव्या शतकात हळूहळू घडत गेले. १८६७ साली समसमान मते पडली असता अध्यक्ष डेनिसन ह्यांनी असा दंडक घातला की, ज्या गोष्टीस सभागृहाचे बहुमत लाभले नाही ती केवळ अध्यक्षाच्या एका मताने होऊ नये. १८९५ साली गली हे उदारमतवादी गृहस्थ अवघ्या ११ मतांनी अध्यक्ष झाले. काही महिन्यांतच निवडणूक होऊन हुजूर पक्ष अधिकारावर आला. त्याने गलींनाच पुन्हा त्या आसनावर बसविले. अध्यक्षाने पक्ष सोडावा आणि पक्षांनी त्याचे आसन अबाधित राखावे, असा हा संकेत होय. आम्हां वकिलांच्या भाषेत बोलावयाचे तर ह्या करारात मोबदला दोन्ही बाजूंनी आहे.

आपल्याकडे ह्या प्रश्नाचा विचार ज्यांनी स्वतः त्या आसनावर बसून केला, ते गणेश वासुदेव तथा दादासाहेब मावळंकर. घराणे रत्नागिरीकडचे, जन्म १८८८ साली बडोद्यास, वकिली अहमदाबादेस. आम्हां बऱ्हाणपूरकर मराठी मंडळींना, ज्यांची घरे पिढ्यान्‌पिढ्या तापीकाठी आहेत, असा परमुलखात रुजलेला मनुष्य थोडा अधिक जवळचा वाटतो, हे कबूल केले पाहिजे. १९३७ पासून ते मुंबई विधानसभेचे अध्यक्ष होते. जानेवारी १९४६ मध्ये मध्यवर्ती विधिमंडळात सर कावसजी जहांगीर ह्यांच्याविरुद्ध ते ६६ विरुद्ध ६३ मतांनी निवडून आले. आणि १९५२ पासून १९५६ मधील मृत्यूपर्यंत ते लोकसभेचे पहिले अध्यक्ष राहिले.

दादासाहेबांनी काँग्रेस सोडली नाही. अध्यक्षाला बिनविरोध निवडून देण्याचा इंग्लंडातील संकेत येथे रुजलेला नसता त्याने पक्षत्याग करावा, ही मागणी एकतर्फी आहे, असे त्यांचे म्हणणे. मात्र पक्षाच्या वादविषयांपासून त्याने दूर राहावे. ह्यात लबाडी नव्हती. वारंवार अध्यादेश काढणे लोकशाहीस शोभत नाही, हे त्यांनी १९५० साली व पुन्हा १९५४ साली आपल्याच पक्षाच्या सरकारला लिहून कळविले. परंतु डिसेंबर १९५४ मध्ये त्यांना पदावरून दूर करण्याचा ठराव विरोधकांनी आणला, आणि तो फेटाळला गेला. त्या फेटाळण्यावरून काय सिद्ध झाले? आमच्या मते काहीच नाही. बहुमत त्यांच्याच पक्षाचे होते. पक्षात राहिलेला अध्यक्ष खरोखर निःपक्षपाती असला, तरी ते सिद्ध करण्याचे साधन त्याच्या हाती उरत नाही.

देवस्थानच्या महाजनांच्या सभेत पालखीच्या मानाचा तंटा निघाला आणि एक बाजू अध्यक्षाच्याच भाऊबंदांची असली, तर शहाणा अध्यक्ष त्या विषयापुरता आसनावरून उठतो. त्यामुळे कोणी त्याला अप्रामाणिक म्हणत नाही. उलट, उठल्याने त्याचाच मान राहतो. आपल्या संविधानाच्या ९६ व्या अनुच्छेदाने हेच सांगितले आहे, पण अध्यक्षाच्या स्वतःच्या पदच्युतीपुरतेच.

१९८५ साली मात्र दहाव्या अनुसूचीने पक्षांतराचे निवाडे अध्यक्षाकडे सोपविले. ज्या निवाड्यावर कधीकधी त्याच्याच पक्षाचे सरकार तगते वा पडते, तो निवाडा त्यानेच द्यावयाचा! निवडून आल्यावर पक्ष सोडण्याची मुभा त्याच अनुसूचीने अध्यक्षाला दिली आहे. ती घेणारे विरळा. त्यापूर्वी, १९६७ साली, नीलम संजीव रेड्डी ह्यांनी अध्यक्ष होताच पक्ष सोडला होता. पण १९६९ साली ते राष्ट्रपतिपदासाठी काँग्रेसचे अधिकृत उमेदवार झाले. अध्यक्षाच्या आसनापुढे आणखी पायऱ्या दिसत असल्या की असे होते.

१९९२ साली सर्वोच्च न्यायालयाने ही व्यवस्था तीन विरुद्ध दोन मतांनी मान्य केली. अध्यक्षाचे पद बहुमताच्या मर्जीवर टिकते, हीच शंका मतभेद नोंदविणाऱ्या न्यायमूर्तींना होती. पुढे मणिपुरातील एका आमदाराविरुद्धचे अर्ज २०१७ पासून अध्यक्षांपुढे पडून राहिले. २०२० साली न्यायालयास सांगावे लागले की, असे अर्ज सामान्यतः तीन महिन्यांत निकालात काढावेत, आणि हे काम अध्यक्षाकडून काढून स्वतंत्र न्यायाधिकरणाकडे द्यावे काय, ह्याचा संसदेने विचार करावा.