नको म्हणणारा माणूस

लंडनच्या डेक्का रेकॉर्ड कंपनीचे डिक रो हे गृहस्थ मला सख्ख्या भावासारखे वाटतात. १ जानेवारी १९६२ ला लिव्हरपूलची चार पोरं त्यांच्या स्टुडिओत आली. आदल्या दिवशी बर्फातून गाडी हाकत आलेली. पंधरा गाणी म्हणून गेली. कंपनीने 'नको' कळवलं. पोरं निघाली बीटल्स! झालं, रोसाहेबांच्या कपाळी जन्माचा शिक्का बसला. पुढच्याच वर्षी त्यांनी रोलिंग स्टोन्सना घेतलं, तेही बीटल्समधल्याच जॉर्ज हॅरिसनच्या शिफारशीवरून. पण ते कोण ध्यानात ठेवतो?

ती पंधरा गाणी मी ऐकली आहेत. आवाज बावरलेले, रिंगो अजून यायचाय. खरं सांगतो, मीही नकोच म्हटलं असतं.

म्हटलं असतं कशाला, म्हटलंय. भाच्याची पेटी ऐकून मी म्हणालो होतो, "बाळ, तू आपली बँकेची परीक्षा दे." बीटल्सनी रोसाहेबांचं ऐकलं नाही, म्हणून त्यांची चूक जगाला कळली. भाच्याने माझं ऐकलं. आता तो मॅनेजर आहे. दर दिवाळीला वाकून नमस्कार करतो, "मामा, तुमच्यामुळे मार्गी लागलो," म्हणतो. पेटी त्याच्या माळ्यावर आहे.

मी आपला फराळाच्या ताटाकडे बघत बसतो.