मला खेळायला घ्याल?



सहावी-सातवीच्या मुलांना धर्मशिक्षण देणे किती कठीण असते, हे आपल्या शिक्षकांना विचारावे. प्रत्येक वर्गात एखादा तरी असा असतो की ज्याच्यामुळे तास चालत नाही. आपण त्याला बाहेर उभे करतो, घरी निरोप पाठवतो. वडील नसतील तर बिचारी आई काम बुडवून येते आणि मान खाली घालून ऐकून घेते.

असाच एक मुलगा इटलीतील कार्मान्योला गावात होता. मिकेले मागोने त्याचे नाव. वय बारा-तेरा वर्षांचे. वडील वारलेले, आई दुसऱ्यांकडे राबणारी, आणि हा दिवसभर टोळी घेऊन उंडारणारा. १८५७ सालच्या शरद ऋतूत एका संध्याकाळी संत जॉन बॉस्को तेथील स्टेशनवर तुरीनच्या गाडीची वाट पाहत होते. धुके दाटले होते, बारीक पाऊस पडत होता. मुलांचा आरडाओरडा चालू होता आणि त्यात एकाचाच आवाज सर्वांवर चढत होता. फादर थेट त्या घोळक्यात शिरले. झगा पाहताच मुले पळाली. मिकेले मात्र कमरेवर हात ठेवून उभा राहिला. आमच्या खेळात तुमचे काय काम, असे त्याने विचारले. फादरांनी सांगितले की मी तुमचा मित्र आहे, मला तुमच्याबरोबर खेळायचे आहे.

पाहा, उपदेश नाही, ‘मिस्सेला जातोस का?’ ही चौकशीही नाही. जक्कयला झाडावर पाहून प्रभू येशूने तरी काय केले? त्याच्या पापांचा हिशेब न मागता त्याच्या घरी उतरण्याची इच्छा सांगितली. हिशेब जक्कयने नंतर आपणहून दिला.

पुढे डॉन बॉस्कोंनी गावच्या धर्मगुरूंकडून माहिती काढली आणि मिकेलेला तुरीनच्या आपल्या वसतिगृहात आणले. त्यांनी एका चांगल्या मुलाला त्याचा सोबती नेमले. आम्हांला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते, कारण वात्रट मुलाला ‘चांगल्या’ मुलांपासून दूर ठेवण्याकडेच आपला कल असतो. हा सोबती त्याला शिवराळ बोलण्यावरून हळूच टोकायचा. महिनाभराने खेळात सर्वांत पुढे असणारा मिकेले गप्प झाला. इतर मुले खेळत असता तो बाजूला उभा राहून डोळे पुसू लागला. काय झाले, हे त्याला प्रथम त्या सोबत्याने विचारले. इतरांसारखे समाधान आपल्याला का नाही, ही त्याची खंत होती. सोबत्याने पापनिवेदनाचा मार्ग सुचवला. मिकेले लगेच तयार झाला नाही. अखेर डॉन बॉस्कोंनी त्याला जवळ बोलावले, तेव्हा तो ढसाढसा रडला. त्यानंतर त्याने पापनिवेदन केले.

२१ जानेवारी १८५९ रोजी, वयाच्या अवघ्या तेराव्या वर्षी, मिकेले देवाघरी गेला. दोनच वर्षांनी डॉन बॉस्कोंनी स्वतः त्याचे चरित्र लिहिले.

आपल्या वर्गातही मागच्या बाकावरची दोन-तीन मुले आहेत. नावे येथे देण्याची गरज नाही, ती सर्वांना पाठ आहेत. रविवारी मिस्सेनंतर ही मुले पटांगणात रेंगाळतात, घरी जायची त्यांना घाई नसते. आपल्यापैकी कोणी, विशेषतः दहावी-बारावीच्या युवकांपैकी, त्यांच्याबरोबर अर्धा तास खेळायला थांबेल का? बॅट-बॉल चर्चच्या कार्यालयात आहे.