आजी कुठे बघत होत्या?

आजचे वाचन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय ३, श्लोक ६



हा श्लोक मी आजवर उपवासाशी जोडून वाचत आलो. एकादशी धरायची आणि दिवसभर मनात उद्या पारण्याला काय काय करायचं याचा बेत! हात-पाय आवरलेले पण मन विषयांतच रमलेले, अशा माणसाला भगवंत मिथ्याचारी म्हणतात. शब्द कडक आहे. खरं सांगायचं तर तो वाचताना माझ्या डोळ्यांसमोर नेहमी दुसरंच कुणीतरी यायचं. एखादा ढोंगी बुवा वगैरे. या वेळी तसं झालं नाही.

मी पुण्यात राहतो. आमच्या सोसायटीच्या गेटसमोर डिव्हायडर आहे. ऑफिसला जायचं तर डावीकडे वळून जवळजवळ एक किलोमीटर पुढे जायचं, यू-टर्न घ्यायचा आणि परत यायचं. नाहीतर उजवीकडे वळून दोनशे मीटर राँग साइडने गेलं की थेट चौक. सगळे तसेच जातात. मीही गेली सहा वर्षं तसाच जातोय.

मागच्या महिन्यात एका सकाळी एक आजी दुधाची पिशवी घेऊन रस्ता ओलांडत होत्या. त्यांनी उजवीकडे पाहिलं, गाड्या नाहीत याची खात्री केली आणि पाऊल टाकलं. मी आलो डावीकडून. ब्रेक दाबला, गाडी घसरली, आजी दचकून मागे सरकल्या आणि पिशवी फुटली. लागलं कुणालाच नाही. आणि मी काय केलं? ओरडलो, "आजी, जरा बघून चाला ना!"

त्या रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "बघितलं रे बाळा. गाड्या येतात तिकडं बघितलं."

दुधाचे पैसे त्यांनी घेतले नाहीत.

दिवसभर ते वाक्य डोक्यातून गेलं नाही. वाहतुकीचा नियम म्हणजे मला दंडाची पावती वाटत होती. आजींना तो अनोळखी माणसांनी एकमेकांना दिलेला शब्द वाटत होता : तुम्ही एकीकडे बघा, दुसरीकडून कुणी येणार नाही. तो शब्द त्यांनी पाळला. माझी मुलगी पाच वर्षांची आहे. तिला मीच शिकवलंय की वन-वे असला तरी दोन्हीकडे बघूनच रस्ता ओलांडायचा. शहाणा सल्ला आहे, आजही तोच देईन. पण त्याचा सरळ अर्थ असा, की माझ्या बाबांसारख्या माणसांवर विश्वास ठेवू नकोस, हे मी स्वतःच तिला शिकवतोय.

आता हेल्मेटचं घ्या. मोटार वाहन कायद्याचं कलम १२९ सांगतं की दुचाकीवर हेल्मेट हवंच, आणि त्याचा पट्टाही नीट बांधलेला हवा. माझं हेल्मेट असतं, पण बऱ्याचदा कोपरात अडकवलेलं. चौकात पोलीस दिसले की ते डोक्यावर चढतं, पुढच्या वळणावर उतरतं. २०१९ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन दंड वाढले. त्याने माझी कायद्यावरची निष्ठा वाढली नाही, कॅमेरे कुठे कुठे आहेत याचं ज्ञान मात्र वाढलं. आमच्या धंद्यात असा कोड लिहिणारे असतात : टेस्ट काय तपासणार हे बघायचं आणि तेवढं उत्तर कोडमध्ये थेट लिहून टाकायचं. टेस्ट हिरवी होते, काम होत नाही. ज्युनिअरने असं केलं की रिव्ह्यूमध्ये मी त्याला धारेवर धरतो.

मिथ्याचार म्हणजे हाच की.

ऑफिसातल्या मित्राला हे सांगितलं तर तो म्हणाला, "अरे, यू-टर्न इतका लांब ठेवणाराच मूर्ख आहे. गांधीजींनीही कायदे मोडलेच की!" पहिलं वाक्य मला पटतं. दुसऱ्यावर मात्र थांबलो. १९२२ च्या मार्चमध्ये अहमदाबादला राजद्रोहाचा खटला चालला, तेव्हा गांधीजींनी गुन्हा कबूल केला. कायदा योग्य वाटत असेल तर मला जास्तीत जास्त शिक्षा द्या, असं त्यांनी न्यायाधीशांना सांगितलं. सहा वर्षांची शिक्षा झाली आणि पुढे त्यांना ठेवलं ते इथे, आमच्या येरवड्यात. त्यांनी कायदा मोडला तो उघड, नाव सांगून, किंमत मोजायला तयार राहून. मी मोडतो तो कुणी बघत नाही ना हे बघून, आणि पकडलो गेलो तर "साहेब, जरा अॅडजस्ट करा" म्हणून. आणि तो यू-टर्न जवळ आणा असा साधा एक अर्जही सहा वर्षांत मी महापालिकेला केलेला नाही. देशात भ्रष्टाचार किती वाढलाय यावर व्हॉट्सअॅप ग्रुपवर मात्र रात्री बारापर्यंत लिहितो!

पुढच्याच श्लोकात भगवंत मनानेच इंद्रियांना आवरून कर्म करणाऱ्याला श्रेष्ठ म्हणतात. सुरुवात मनापासून आहे. तिथेच माझं घोडं अडतं.

त्या दिवसापासून यू-टर्नने जातोय. रोज नाही. दोनदा मीटिंगला उशीर झाला म्हणून पुन्हा उजवीकडे वळलो, आजी दिसल्या नाहीत याचं बरं वाटलं, आणि बरं वाटलं याची लाज वाटली. परवा मात्र भर पावसात, उशीर झालेला असतानाही, हेल्मेटचा पट्टा बांधून पूर्ण वळसा घातला. घरी येऊन बायकोला कौतुकाने सांगितलंही. आता हेही लिहिलं पाहिजे की परवा चौकात रेनकोट घालून दोन पोलीस उभे होते, आणि ते मला गेटमधूनच दिसले होते.