खादीचा पांढरा

हात माऊसवरून काढा. सध्या काही दुरुस्त करायचं नाही, नुसतं पाहायचं आहे.

समजा, सेवाग्राम आश्रमात दोन शॉट घेतले आहेत. एकात सूत कातणारी बाई गांधीजींनी १९३६ मध्ये लावलेल्या पिंपळाखाली बसली आहे. दुसऱ्यात तीच बाई, तोच चरखा, पण कुटीच्या आत, दाराजवळ. मग कट होताच ती परकी का वाटते?

पिंपळाखाली थोडं थांबा. तिथे ऊन पोचत नाही, आभाळ पोचतं, म्हणून सावली निळी. दुपारचं ऊन ५५०० केल्विनच्या आसपास, सावली ७००० च्याही वर. त्यात पानांतून झिरपलेला हिरवा. आता आत या. इथला उजेड आधी सारवलेल्या जमिनीवर आणि मातीच्या भिंतीवर पडतो, मग गालावर. येताना मातीचा रंग घेऊन येतो.

घाई होते ती इथेच. आपण व्हाइट बॅलन्सचा ड्रॉपर उचलतो आणि तिच्या साडीवर क्लिक करतो. पण ब्लीच न केलेली खादी पांढरी नसतेच, ती सायीसारखी पिवळसर असते. तिला पांढरी म्हटलंत की सॉफ्टवेअर इमानेइतबारे तो पिवळेपणा काढून टाकतं आणि चेहऱ्यासकट सगळी कुटी निळी पडते.

आधी उजेड बघा. वेव्हफॉर्मवर आतला चेहरा बाहेरच्यापेक्षा किंचित खाली असला तर असू द्या, ती सावलीतून आत आली आहे. मग रंगछटेसाठी व्हेक्टरस्कोप. त्वचा गोरी असो की सावळी, तिची छटा त्यावरच्या एकाच, त्वचेच्या रेषेच्या आसपास येते. दोन्ही शॉटमध्ये ती तिथे आणा. भिंतीला हात लावू नका.

रंग नसले म्हणून सुटका नाही. विठ्ठलभाई झवेरींचा १९६८ चा ‘महात्मा’ हा माहितीपट कृष्णधवल, पाच तासांहून मोठा, जुन्या चित्रणाच्या असंख्य तुकड्यांचा. अशा कामात करड्याला करडा जुळवावा लागतो, आणि ते मला जास्तच अवघड वाटतं.

आता नजर स्क्रीनवरून काढा. डोळा कोणत्याही छटेला लवकर सरावतो, मग पिवळं पिवळं दिसत नाही. थोडा वेळ करड्या भिंतीकडे पाहा, आणि कट पुन्हा चालवा. पहिल्या क्षणी खटकलं त्यावर विश्वास ठेवा. बाई एकच वाटली की थांबा, दोन जागा एक वाटायची गरज नाही.

आणि पुढच्या शूटिंगला ऑटो व्हाइट बॅलन्स बंद करा. जागा बदलली की तिच्या चेहऱ्याजवळ करडं कार्ड पाच सेकंद धरा.